पाऊण प्रोटीन

संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बोळातून सरळ गेलं की शेवटची खोली वहिनीची. दारावर पाटी होती 'सामायिक उपकरण कक्ष', पण ती वाचून आत येणारा माणूस विरळा. "वहिनीकडे टाक," "वहिनीला विचार," असंच सगळ्या इमारतीचं चालायचं. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंची. ही नणंद रुजू झाली त्या दिवशी जिन्यातूनच "वहिनी" अशी हाक मारत खाली आली, ती हाक चार विद्यार्थ्यांनी उचलली, आणि वर्षभरात संचालकांपासून रखवालदारापर्यंत सगळ्यांचीच ती भावजय होऊन बसली. एकदा भरल्या बैठकीत खुद्द तिच्या नवऱ्याच्या तोंडून "वहिनी, तो आलेख दाखवा" असं निघून गेलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख. बिचाऱ्याला ते अजून कोणी विसरू दिलेलं नव्हतं.

तर तळमजल्यावर वहिनी, पहिल्यावर नवरा, तिसऱ्यावर नणंद आणि घरी सासूबाई. एवढीच ही मंडळी. आणि गेले आठ महिने पहिला मजला तिसऱ्या मजल्याशी बोलत नव्हता.

कारण काय, तर एक प्रोटीन. जखम भरून येताना शरीरात जी धावपळ चालते, तिच्यात कामाला येणारं. भावाने सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की हे प्रोटीन एकेकटं हिंडतं. बहिणीने त्याच प्रोटीनचे स्फटिक बनवले आणि म्हणाली, छे, हे तर जोडीनं असतं, दोन रेणू एकमेकांना बिलगलेले. इथपर्यंत ठीक होतं. शास्त्रज्ञांचं भांडण म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. पण वार्षिक चर्चासत्रात बहिणीचं बोलून झालं, प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा भाऊ उठला आणि म्हणाला, "हिला लहानपणापासून एकाचे दोन दिसतात. डोळ्याला पट्टी बांधून शाळेत जायची."

सभागृह खो-खो हसलं. बहीण हसली नाही. तिने शांतपणे आपले कागद गोळा केले, प्रोजेक्टरचा दिवा बंद करायचा राहिला होता तो बंद केला आणि निघून गेली.

त्या दिवसापासून दोघांच्या मधला टपालवाला म्हणजे वहिनी. "तुझ्या नवऱ्याला सांग, शीतकपाटातला वरचा कप्पा आमचा आहे." "तुझ्या नणंदेला सांग, कप्प्यावर नाव लिहायला शिक." दर रविवारी नणंद आईकडे जेवायला यायची, म्हणजे भावाच्याच घरी, कारण आई तिथंच राहायची. पूर्वी सगळे एकत्र बसत. आता नणंद साडेअकराला यायची आणि तेव्हाच नेमकं नवऱ्याला गच्चीवरच्या कुंड्यांची माती बदलायची असायची. ती एकला गेली की माती आपोआप बदलून व्हायची आणि तो हात धुऊन पानावर बसायचा. सासूबाईंनी आठ महिने दोन पंगती वाढल्या. "कुंड्या सहा, आणि माती बदलणं संपतच नाही," एवढंच त्या म्हणायच्या.

वहिनी दोघांनाही समजावून थकली होती. नवऱ्याला चूक कळत होती, पण कळणं आणि कबूल करणं यांच्यात त्याच्या घराण्यात बरंच अंतर होतं. नणंदही त्याच घराण्यातली.

मग एका सोमवारी संचालकांनी वहिनीला बोलावून घेतलं. ते भले गृहस्थ, पण आता तेही वैतागले होते. त्या प्रोटीनपासून जखमेवरचं मलम बनवू पाहणाऱ्या मंडळींनी विचारलं होतं की बाबांनो, रेणूचं वजन नेमकं किती धरायचं. "एका इमारतीतून एकाच प्रोटीनची दोन वजनं बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? तुमच्या यंत्रावर एकदा तोलून टाका. तुम्ही म्हणाल ते अखेरचं."

"सर, एक माझा नवरा आहे आणि दुसरी नणंद."

"म्हणून तर. तुम्ही कोणाच्याही बाजूने बोललात तरी घरी जायचंय तुम्हाला. म्हणजे जपूनच बोलाल."

यात काय तर्क होता ते वहिनीला दिवसभर कळलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर एवढं मात्र कळलं. एकटं निघालं तर लोक म्हणणार, नवऱ्याची री ओढली. जोडी निघाली तर म्हणणार, नणंद-भावजयीने संगनमत केलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती वाटाणे सोलत हे सासूबाईंना सांगत होती. सासूबाईंचं वय एक्याऐंशी, त्यातली छत्तीस वर्षं टपालखात्यात गेलेली, शेवटची दहा नोंदणी टपालाच्या खिडकीवर.

"पण तुझं ते यंत्र तोलतं कसं ते सांग आधी," त्या म्हणाल्या. "एवढंसं ते प्रोटीन. काट्यावर तर बसणार नाही."

"गरगर फिरवायचं, आई. फिरवलं की रेणू बाहेरच्या कडेला ढकलले जातात. फार जोरात फिरवलं तर सगळे कडेला चेपून बसतात, मग काही कळत नाही. बेतानं फिरवायचं. म्हणजे एकीकडे ढकलणं चालू राहतं आणि दुसरीकडे गर्दीतले रेणू परत मोकळ्या जागेत पसरू बघतात. होता होता दोन्ही बरोबरीत येतं. कडेला गर्दी दाट, आत विरळ, असा एक उतार ठरून जातो आणि मग तो हलत नाही. रेणू जड असेल तर उतार खडा, हलका असेल तर सौम्य. प्रकाश टाकून तो उतार मोजायचा, की वजन आलं."

"किती वेळ लागतो?"

"एक दिवस. कधी दोन. घाई चालत नाही."

सासूबाईंनी चार वाटाणे तोंडात टाकले. "मग कुठलं कोणाचं ते तुला कळलंच नाही तर?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे तपासणीचे लखोटे यायचे. पाठवणाऱ्याचं नाव झाकून वर नुसता आकडा. उघडणाऱ्याला ठाऊक नसायचं कोणाचा कुठला. दोघांच्या बाटल्या माझ्याकडे दे. मी खुणा करते. कागद माझ्याजवळ राहील. तू फिरव काय फिरवायचं ते."

वहिनी सोललेली शेंग हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं या बाई तिला दूध उतू जाण्याबद्दल सल्ले देत आल्या होत्या, आणि हे इतके दिवस कुठं लपवलं होतं कोण जाणे.

बुधवारी सकाळी सासूबाई संस्थेत आल्या. मुलगा आणि मुलगी दोघं तिथं काम करत असून त्या पहिल्यांदाच येत होत्या. वहिनीने त्यांना आपला पांढरा कोट घातला, तो घोट्यापर्यंत आला. नवऱ्याने खाली एक नळी पाठवली होती आणि सोबत ज्या द्रवात प्रोटीन विरघळवलं होतं त्या बफरची बाटली. नणंदेकडूनही तेच आलं. बर्फाच्या पेट्या शेजारी शेजारी ठेवून वहिनी बाहेर बोळात जाऊन उभी राहिली. आत सासूबाई दहा मिनिटं काहीतरी करत होत्या. ती परत आत आली तेव्हा त्यांनी सगळी द्रव्यं एकसारख्या नळ्यांत आणि बाटल्यांत ओतून घेतली होती, झाकणांवर 'क' आणि 'ख' लिहिलं होतं आणि कागद लखोट्यात घालून लखोट्याला चक्क लाख लावली होती.

"लाख कुठून आणलीत?"

"घरून. काड्यापेटीही."

"इथं काडी ओढायला मनाई आहे, आई."

"म्हणून तर तुला बाहेर काढलं," असं म्हणत सासूबाईंनी लखोटा पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

मग वहिनीचं काम सुरू झालं. हे काम तिला मनापासून आवडायचं. यंत्राचे सेल म्हणजे मुठीत मावतील एवढी धातूची गोल डबुली, दोन्ही बाजूंना स्फटिकाची खिडकी. खिडकीवर बोटाचा ठसा उमटला तरी प्रकाश अडतो, म्हणून त्या पुसायला तिने वेगळा मऊ कागद ठेवला होता आणि त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. एका सेलमध्ये तिने 'क' भरला, तीन कप्प्यांत तीन तऱ्हेने: पातळ, मध्यम आणि दाट. दुसऱ्यात 'ख' तसाच. तिसऱ्यात एक असं प्रोटीन भरलं ज्याचं वजन जगाला ठाऊक आहे. तो साक्षीदार. त्याचं वजन बरोबर आलं तर यंत्र खरं बोलतंय. सेल ठरलेल्या जोराने आवळले, समोरासमोरच्यांची वजनं जुळवली, रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीत, बसवले, झाकण लावलं, आतली हवा काढून घेतली. मिनिटाला बारा हजार फेरे. खोलीत नुसती एक बारीक घरघर राहिली.

आता वाट बघायची. दर चार तासांनी यंत्र स्वतःच उताराची एक रेघ काढतं. नवी रेघ जुन्या रेघेवर बरोबर बसली, की समजायचं सगळं स्थिरावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षीदार स्थिरावला. पाठोपाठ 'ख' स्थिरावला. 'क' मात्र सरकतच होता.

नवरा डोकावला. "जरा इकडून जात होतो," म्हणाला. तळमजल्यावरच्या त्या बोळाच्या शेवटी वहिनीची खोली आणि एक बंद खिडकी याशिवाय काहीच नाही.

"कुठं जात होतास?"

"असंच. झालं का?"

"नाही."

"साधारण काय वाटतंय?"

"साधारण वाटतंय की तू वर जाऊन काम करावंस."

अर्ध्या तासाने नणंद आली. तिच्या हातात दोन कप चहा होता, म्हणजे तिचा हेतू अधिक सभ्य होता. "मी काही विचारायला आले नाहीये," असं म्हणून ती बसली. यंत्राच्या पडद्याकडे पाठ करून बसली, पण मान अशी काही वळवून ठेवली होती की वहिनीला हसू आवरेना. वहिनीने पडद्यासमोर मऊ कागदाचा खोका उभा केला.

तिसऱ्या दिवशी 'क' सरकत होता. चौथ्या सकाळी कुठं एकदाची रेघेवर रेघ बसली. वहिनीने दार लावून घेतलं आणि हिशेब मांडला. साक्षीदार अगदी बरोबर, यंत्राची तक्रार नाही. एकट्या रेणूचं वजन एक धरलं, तर 'ख' पातळ असताना एकाहून जरासा जड, दाट असताना दीडपट. यात अर्थ होता. आता 'क'. दाट असताना एकाला जेमतेम लागून. आणि पातळ असताना पाऊण.

तिने पुन्हा हिशेब केला. पुन्हा पाऊणच.

प्रोटीन एकटं असू शकतं, जोडीनं असू शकतं. पाऊण प्रोटीन म्हणजे काय? कोणाचा पाय तुटला होता की काय? तुटलं असतं तर दुसरा तुकडाही कुठंतरी दिसायला हवा होता. तो दिसत नव्हता.

दुपारी जिन्यात नवरा भेटला. या वेळी त्याने कसलंही निमित्त सांगितलं नाही. "एक सांगू का," तो आवाज उतरवून म्हणाला, "मोजण्यात थोडं इकडे तिकडे होतंच. एकाच्या आसपास काहीही आलं तरी ते एकच धरतात. मी आपला सर्वसाधारण नियम सांगतोय."

वहिनी जिना उतरायला लागली. पण ते वाक्य तिच्याबरोबर खाली आलं आणि खोलीत येऊन बसलं. पाऊण आणि एक, सरासरी काढली तर एकाच्या आसपास. 'क' कोणाचा हे तिला ठाऊक नव्हतं, पण ती काही दुधखुळी नव्हती. सरासरी लिहून टाकली असती तर कोणी काही विचारलं नसतं. घरात निदान एक माणूस खूश झाला असता. संचालकांनी तर शब्दच दिला होता, तुम्ही म्हणाल ते अखेरचं. नेमकं तेच तिला टोचलं. आपण म्हणू ते अखेरचं असेल, तर आपण न समजलेलं कसं म्हणायचं?

तिने बर्फातून 'क'ची उरलेली नळी काढली. पिपेटने थेंबभर वर ओढला. द्रव हळू वर आला. भरतानाही असाच आला होता, तेव्हा तिला वाटलं होतं की पिपेटच जुनी झाली. आता ती टोकाकडे बघत राहिली. थेंब टोकाला लोंबकळत राहिला, पडायला तयार होईना. तिने तो एका पेलाभर पाण्यात सोडला आणि पेला खिडकीच्या उजेडात धरला. थेंबातून नागमोडी, काचेसारखे दोरे निघाले आणि तळाकडे गेले. साखरेचा पाक पाण्यात ओतावा तसे.

"ग्लिसरीन," वहिनी स्वतःशीच म्हणाली, आणि खुर्चीत टेकून हसायला लागली.

नमुने अतिथंड कपाटात ठेवताना खराब होऊ नयेत म्हणून लोक त्यांत ग्लिसरीन घालतात. यंत्रावर आणायच्या आधी ते काढून टाकायचं असतं. ज्याने कोणी 'क' पाठवला त्याने ते काढलं नव्हतं, आणि बाटलीही साठवणीच्याच द्रवाची भरून दिली होती. दाट, जड द्रवात बुडवलं की वस्तू हलकी लागते, हे विहिरीत पोहणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून वजन पाऊण. आणि द्रव घट्ट, म्हणून रेणूंना सरकायला वेळ, म्हणून चार दिवस. कोणाचा पायबिय तुटला नव्हता.

लखोटा मागावा का, असं तिच्या मनात आलं. मग तिने तो विचार सोडला. 'क'ला धुवायचं तर 'ख'लाही धुवायचं, दोघांना सारखंच. तिने दोन्ही प्रोटीनं अगदी बारीक छिद्रांच्या दोन पिशव्यांत भरली, पिशव्या एकाच मोठ्या भांड्यातल्या ताज्या बफरमध्ये सोडल्या आणि भांडं थंड खोलीत ठेवलं. ग्लिसरीन छिद्रांतून बाहेर जातं, प्रोटीन आतच राहतं. दोन दिवसांत तीनदा द्रव बदलला. 'क' फार थोडा उरला होता, म्हणून पिशवीतून काढताना तिने श्वास रोखून धरला. नशिबाने तीन कप्प्यांपुरता पुरला.

दुसऱ्या फेरीत मात्र तिने कसर ठेवली नाही. बारा हजार, मग पंधरा, मग वीस. प्रत्येक वेगाला रेघेवर रेघ बसल्याशिवाय पुढं गेली नाही. या वेळी तिघंही शिस्तीत, एकेका दिवसात स्थिरावले. नवरा दोनदा आणि नणंद तीनदा बोळात दिसली. एकदा दोघं एकदम आली आणि बंद खिडकी बघून दोन दिशांना वळली, पण दिशा एकच असल्यामुळे त्यांना एकामागून एक जिना चढावा लागला.

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीच्या छोट्या खोलीत चौघं जमली. नणंद खिडकीशी बसली, नवरा दाराशी, मध्ये सासूबाई मांडीवर पर्स घेऊन. वहिनीने पहिला आलेख भिंतीवर टाकला.

"आधी पहिल्या फेरीचं सांगते, लपवत काही नाही. 'ख' ठीक होता. 'क'चं वजन पाऊण आलं."

"'क' कोणाचा?" दोघांनी एकदम विचारलं.

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या.

वहिनीने ग्लिसरीनचं सांगितलं.  दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, आपण बाटली कुठून भरली ते आठवणाऱ्या माणसाचा.

"आता दुसरी फेरी." तिने पुढचा आलेख टाकला. 'क'चे ठिपके निळे, 'ख'चे लाल, आणि सगळे एकाच वळणदार रेघेवर ओळीने बसलेले. "हे दोन्ही एकच आहेत. कोणाचंही प्रोटीन बिघडलेलं नाही. पातळ द्रावणात ते एकेकटं हिंडतं. दाट होत गेलं की भेटीगाठी वाढतात आणि जोड्या जमतात. जमलेल्या सुटतात, पुन्हा जमतात. मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम असेल तेव्हा बरोबर निम्मे एकटे आणि निम्मे जोडीत." मग ती नवऱ्याकडे वळली. "तू किती पातळ वापरतोस?"

"त्याचा हजारावा भाग," नवरा म्हणाला. "माझ्या पद्धतीला तेवढंच लागतं."

"म्हणजे हजारात दोघेच जोडीत. तुला दिसणार कसे? आणि वन्सं, तुम्ही?"

नणंदेला वहिनी एरवी तू म्हणायची. वन्सं म्हटलं की प्रकरण गंभीर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वीस मिलिग्रॅम," नणंद म्हणाली. "त्याखाली स्फटिक धरत नाहीत."

"मग शंभरातले पंच्याऐंशी जोडीत. तुम्हाला एकटे भेटणार कुठून?"

 नवरा आलेखाजवळ जाऊन उभा राहिला. नणंदही उठली आणि दुसऱ्या बाजूने बघायला लागली.

"म्हणजे दोघंही बरोबर?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग मी आठ महिने दोन-दोनदा वाढलं ते कशासाठी?"

 सासूबाईंनी पर्स उघडली, लाख फोडली, चष्मा लावला आणि नोंदणी टपाल वाचावं तशा आवाजात वाचलं, "क, मुलगा. ख, मुलगी."

नवऱ्याचे कान लाल झाले. "बाटली मी स्वतः भरली," तो म्हणाला. "विद्यार्थ्यांवर सोपवलं नाही. चूक व्हायला नको म्हणून."

नणंदेने हसू दाबायचा प्रयत्न केला. मग खुर्चीची पाठ धरून ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिच्यापाठोपाठ सासूबाई हसल्या, मग वहिनी, आणि शेवटी नवराही. पण त्याचं हसणं लवकर थांबलं.

"तो पट्टीचा विनोद," तो बहिणीला म्हणाला. "चुकलं माझं. खाली बसता बसताच कळलं होतं. नंतर जितका उशीर होत गेला तितकं बोलणं जड होत गेलं."

नणंद चष्म्याच्या काचेकडे बघत होती. "पट्टी होती तेव्हा मला रस्त्याचा अंदाज यायचा नाही," ती म्हणाली. "वर्षभर हात धरून तूच शाळेत न्यायचास. कोणी चिडवलं तर त्याच्या अंगावर जायचास. म्हणून लागलं, दादा. दुसरं कोणी बोललं असतं तर मी परतून दोन ऐकवली असती."

"आत्ता ऐकव."

"ऐकवणार आहे. पण आईसमोर नको."

"माझ्यासमोरच ऐकव," सासूबाई म्हणाल्या. "मी आईपणाची रजा काढून आलेय असं समज."

त्यावर नणंदेने खरंच दोन ऐकवल्या, चांगल्या ठेवणीतल्या, आणि नवऱ्याने मान खाली घालून त्या घेतल्या. मग तिने विचारलं, वीस अंश तापमानाऐवजी चार अंशांवर मोजलं तर जोड्या वाढतील की घटतील? तो म्हणाला, वाढतील. ती म्हणाली, घटतील. पाच मिनिटांत दोघं फळ्यापाशी उभे राहून एकमेकांच्या हातातला खडू ओढत होते. सासूबाईंनी घाबरून वहिनीकडे पाहिलं.

"हे चालेल, आई," वहिनी म्हणाली. "हे बोलण्यातलं भांडण आहे."

त्या रविवारी पंगत एकच झाली. कुंड्यांची माती कोणी बदलली नाही. मलमवाल्या मंडळींना आकडा गेला आणि सोबत एक ओळ गेली, की जखमेवर हे दाट लावा, म्हणजे जोडीनं कामाला लागेल. संचालकांनी ती ओळ आपल्याच डोक्यातून आल्यासारखी दोन बैठकांत सांगितली. शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा कोणाचं नाव आधी यावरून भावा-बहिणीत थोडी कुरबुर झाली, पण या खेपेला दोघंही 'तुझं आधी' असंच म्हणत होती. शेवटी दोघांनी मिळून वहिनीचं नाव पहिलं टाकलं आणि तिला न सांगताच निबंध पाठवून दिला. छापील प्रत हातात आली तेव्हा ती आपल्या खोलीत एकटीच होती. तिने ते पहिलं पान बराच वेळ वाचलं, आणि मग दार उघडं आहे का ते बघून पुन्हा एकदा वाचलं.

त्यानंतर तळमजल्यावरचं काम एकदम वाढलं. ज्याला त्याला आपलं प्रोटीन एकटं की जोडीनं याची शंका यायला लागली. पुढच्या सोमवारी वहिनी बोळात शिरली तेव्हा दाराशी तीन जण बर्फाच्या पेट्या घेऊन उभे होते, आणि तिघांचंही म्हणणं एकच होतं, की वहिनी, आमचं आधी.